शाफ्ट फिरवून ठेवणे

शेडच्या मागच्या भिंतीला, ताडपत्रीखाली
बारा पंप उभे आहेत. लाकडी खोक्यांत.
खोक्यांवर माझ्याच हातचं स्टेन्सिल:
हा भाग वर. पाण्यापासून जपा.
पाण्याच्या पंपावर असं लिहायचं, हे मला
तेवीस वर्षं डिस्पॅचला काढूनही कधी खटकलं नव्हतं.

न्हावाशेव्याहून परत आलेत.
उद्यमनगरात तसं कुणी म्हणत नाही.
म्हणतात, माल थांबलाय.

देशाचं नाव मी घेत नाही.
फॉर्मात टाकलं की बँकेचा पडदा लाल होतो
आणि शाहूपुरी शाखेतली ती पोरगी, मृणालिनी हेरवाडे,
फार सभ्यपणे खुर्ची पुढं ओढते.
"औषधाला सूट आहे, काका. अन्नालाही आहे."
मग पाणी कशात बसतं?
ती यादी खालपर्यंत सरकवते. पुन्हा वर नेते.
"पंप हे यंत्र आहे. यंत्र कुठंही बसवता येतं."
हे खरंच आहे. आमचा पंप
उसालाही पाणी देतो, खाणही उपसतो,
पलीकडच्या टोकाला कोण आहे हे त्याला कळत नाही.

शिवाय घेणाऱ्याचं नाव.
तिकडच्या दवाखान्याचा भांडारपाल,
त्याचं नाव म्हणे यादीतल्या कुणाशी तरी जुळतंय.
बापाचं नाव द्या, जन्मतारीख द्या, मूळ गाव द्या.
गाव आता नाही, असं त्यानं कळवलं.
आमच्या पाचगावात संभाजी पाटील अकरा आहेत,
पोस्टमन दारातल्या चपला बघून पत्र टाकतो.
हे मी तिला सांगितलं. ती हसली,
मग म्हणाली, "कायद्यात बसेलही.
पण आमची बँक जोखीम घेत नाही."

आधीचे चार गेले होते. तेव्हा यादी लहान होती.
भांडारपाल पुण्यात शिकलेला, मोडकी हिंदी येते.
त्याचा आवाज जमादारानं जेवणाच्या सुट्टीत
मोबाईल डब्याला टेकवून सगळ्यांना ऐकवला.
सात नाके. दर नाक्यावर वेगळी बंदूक.
पैसे दिले तर गुन्हा, यादीतल्यांना पोसल्याचा.
न दिले तर ट्रक उन्हात.
पाचव्या नाक्यावर ड्रायव्हर खाली उतरला
"और वापस नहीं बैठा."
दोन पंप पोचले. एकाच्या अंगात गोळी.
दुसरा चालतोय, तो म्हणाला,
आणि मागं खरंच तो आवाज येत होता.
सुतारमामांनी डोळे मिटून ऐकला.
"बेअरिंग जातंय. लई तर दोन म्हयनं."
त्याला आता चार झाले.

एकोणीसच्या पुरात
पंचगंगा घरात होती आणि नळ कोरडा.
शिरोलीला हायवे पाण्याखाली,
टँकर पलीकडं रांगेत, आम्ही अलीकडं गच्चीवर.
पाचव्या दिवशी बोटीतून कॅन आले.
देणाऱ्यानं एवढंच विचारलं, "माणसं किती?"
मी सहा सांगितली. होतो चौघं.
त्यानं सहा जणांचं दिलं.
हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही.
त्या दिवशी कुणी तपासत बसलं असतं
तर पहिला मीच सापडलो असतो.

सोमवारी उद्यमनगर बंद. तरी जमादार येतो.
ताडपत्री काढतो, खोक्याची एक फळी उचकटतो,
आत हात घालून शाफ्ट फिरवतो. एकेकाचा.
नाही फिरवला तर सील चिकटतं,
पंप उभ्या उभ्या मरतो.
मालक म्हणाले होते, जयसिंगपूरला काढून टाकू,
ऊसवाले घेतील. फेब्रुवारीत म्हणाले होते.
अजून काढलेले नाहीत.

आज मीही गेलो.
आठवा माझ्या वाट्याला आला.
आधी जड, मग एकदम हलका,
आतून कोरडी घरघर.
जमादारानं हात पुसले.
"बास. आता फुडच्या सोमवारी."